मदत हवी आहे: कार्डानोवर भरवशाचा डीरेप (आपल्या वतीनं मत देणारा प्रतिनिधी) कसा ओळखायचा?

नमस्कार मंडळी. मी निपाणीजवळच्या खेड्यातला. २०२१ पासून कार्डानो या ब्लॉकचेनचं चलन, म्हणजे एडा, थोडं थोडं घेऊन स्टेक करून ठेवलंय (त्यावर व्याजासारखं रिवॉर्ड मिळतं). परवा रिवॉर्ड काढायला गेलो, तर वॉलेट म्हणतंय आधी मताधिकार सोपवा. जानेवारी २०२५ च्या प्लोमिन हार्ड फोर्कपासून (नेटवर्कचे नियम बदलणाऱ्या अपडेटपासून) हा नियम लागू आहे, एवढं कळलं. 'अ‍ॅबस्टेन' (तटस्थ) निवडलं तरी पैसे निघतात, पण मन धजत नाही. ट्रेझरीतले (नेटवर्कच्या सामायिक तिजोरीतले) एडा कुणाला द्यायचे यावर हेच डीरेप मत देणार, मग माझं मत वाया का घालवू?

अडचण अशी, की आमच्या सोसायटीच्या निवडणुकीत बाबा उमेदवाराला ओळखतात. कर्ज थकवलंय का, सभेला येतो का, भावकीतल्याचा अर्ज आला की मान डोलावतो का, सगळं गावाला ठाऊक. शेअर कितीही असोत, सभासदाला मत एकच. इथं जितके एडा तितकी मतं, आणि समोर टोपणनावांची लांबलचक यादी. प्रत्येकानं स्वतःबद्दल चांगलंच लिहिलंय, तेही इंग्रजीत. बाबांनी यादी बघून विचारलं, "ह्यातल्या एकाच्या तरी दारात जाऊन विचारायला येतंय काय?"

यांचं वागणं तपासायचं कुठं? आणि निवड चुकली तर एडा अडकतात का?

प्रतिसाद
खानापूरहून लिहितोय. एडा तुझ्याच वॉलेटमध्ये राहतात, डीरेपला त्यांना हात लावता येत नाही, आणि निवड कधीही बदलता येते. त्याची धास्ती नको.

परिचय बाजूला ठेव, मतदान वाच. प्रत्येक मत ब्लॉकचेनवर नोंदलेलं असतं, कार्डानोस्कॅन या संकेतस्थळावर दिसतं. मी ट्रेझरीच्या तीन मागण्या आधी स्वतः वाचल्या, माझं मत वहीत लिहिलं, मगच डीरेपांची मतं उघडली. नुसतं हो-नाही आहे की कारणही जोडलंय, यातच बराच फरक कळतो. तुझ्या बाबांची भावकीची कसोटी इथंही लाव: स्वतःच्या प्रकल्पासाठी पैसे मागितले तेव्हा हा बाजूला राहिला का? डीरेप होण्यासाठी ५०० एडा अनामत भरली म्हणून कुणी भरवशाचा होत नाही, ती परत मिळते. २० इपॉक, म्हणजे १०० दिवस मत दिलं नाही तर डीरेप निष्क्रिय धरला जातो, तेही बघ. यादीतल्या सगळ्यात वजनदारांना मी मत देत नाही, त्यांच्याकडे आधीच फार साठलंय.

मूळ धागाकर्ता
फार आभार, दादा. रात्री बाबांना शेजारी बसवून दोन डीरेपांची मतं वाचली. एकानं स्वतःच्याच मागणीला 'हो' दिलंय, कारणाची जागा कोरी. बाबांनीच त्याचं नाव खोडायला लावलं. दुसऱ्याची अजून चार मतं वाचायची राहिलीत.