मदत हवी आहे : सोसायटीच्या बचत कट्ट्यासाठी विषय ठरवायचे आहेत

नमस्कार मंडळी,

डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीत बचत कट्टा सुरू करायचं ठरलंय. महिन्यातून एकदा, रविवारी संध्याकाळी, गच्चीवर. पेन्शनर आहेत, लोकलने मुंबईला जाणारे आहेत, घरून पोळीभाजीचे डबे देणाऱ्या ताई आहेत. दर बैठकीला एक विषय आणि तो सांभाळणारं एक माणूस, एवढं पक्कं आहे. घोडं अडलंय ते विषयांवर.

कमिटीची यादी अशी : घरखर्च, विमा, टॅक्स, गुंतवणूक, इतर. मला ती पटत नाही. "घरखर्च" म्हटलं की कुणालाच नेमकं काय विचारायचं ते सुचत नाही. माझं म्हणणं, पैसा ज्या वाटेने घराबाहेर जातो त्या वाटेचा विषय करा, म्हणजे माणूस बिल हातात घेऊनच येईल.

उदाहरणार्थ लाईट बिल. महावितरणचा दर टप्प्याटप्प्याने चढतो : १०० युनिटांच्या पुढे वेगळा, ३०० च्या पुढे आणखी वेगळा. म्हणजे आपण वाचवतो ती युनिटं आपल्या बिलातली सगळ्यात महाग युनिटं असतात. जुना पंखा साधारण ७५ वॅटचा, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा नवा बीएलडीसी पंखा २८-३० चा. रोज १४ तास चालणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला १९-२० युनिटं वाचतात. हे आमच्या घरच्या बिलावर पेनाने मांडून दाखवलं, तेव्हा शेजारचे काका लगेच वर जाऊन स्वतःचं बिल घेऊन आले. मला कट्टा असा हवाय.

लिफ्ट आणि पाण्याच्या पंपाचं बिलही यातच घ्यावं. गच्चीवर सौर पॅनेल बसवण्यासाठीच्या केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे.

दुसरा विषय वर्षाचं धान्य. सगळ्यांनी मिळून गहू-तांदूळ भरला तर टेम्पोचं भाडं वाटून जातं, आणि एरंडेल लावून धान्य कसं टिकवायचं ते सांगणाऱ्या आजी आमच्याच बिल्डिंगीत आहेत. प्रवास आणि औषधं हे लहान विषय, एका बैठकीत उरकतील. लोकलचा तिमाही पास मासिकाच्या २.७ पट पडतो, तरी कितीतरी जण दर महिन्याला रांगेत दिसतात.

आता खरी अडचण. मला सगळ्यात गरजेचा वाटतो तो कर्जाचा विषय. क्रेडिट कार्डाची फक्त किमान रक्कम भरत राहिलं तर उरलेल्या रकमेवर महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज लागतं, म्हणजे वर्षाचे ३६ ते ४२ टक्के. अशा घराला पंख्याची युनिटं मोजून काय मिळणार? पण गच्चीवर चारचौघांत स्वतःच्या कर्जाबद्दल कोण बोलेल? विषय ठेवला तर घरं गप्प राहतील, नाही ठेवला तर ज्यांना खरी गरज आहे तेच बाहेर राहतील.

दुसरं, गुंतवणूक ठेवावी की नाही? पॉलिसी विकणारे दोघं आत्ताच "मी बोलतो" म्हणून पुढे आलेत. तुमच्याकडे असं काही चालू असेल तर काय केलंत ते कृपया सांगा.

प्रतिसाद १

बँकेत नोकरी झाली माझी. गुंतवणुकीचा विषय वगळू नका, नाव बदला. "ठेवी सुरक्षित कुठे?" असा विषय करा. बँक बुडाली तर एका बँकेत एका ठेवीदाराला व्याजासकट ५ लाखांपर्यंतच विमा संरक्षण आहे, फेब्रुवारी २०२० पासून. पतसंस्थेतल्या ठेवीला ते संरक्षण नाही. ज्येष्ठ मंडळी अर्धा-पाऊण टक्का जास्त मिळतो म्हणून सगळी पुंजी पतसंस्थेत टाकतात, त्यांना हे कुणीतरी समोर बसून सांगायला हवं. आणि नियम एकच : ज्याला कमिशन मिळतं त्याने त्या विषयावर बोलायचं नाही.

प्रतिसाद २

ताई, कर्जाचा विषय ठेवाच, पण आकडे घरचे नकोत. आमच्या महिला मंडळात एक काल्पनिक घर घेतलं : पगार इतका, कार्डावर इतकं, सोनं गहाण इतकं. आधी कुठलं फेडायचं यावर बायका तावातावाने भांडल्या. नंतर खाली उतरताना दोघीजणी थांबून हळूच स्वतःचं बोलल्या. त्यांच्यासाठी मंडळातल्या एका विश्वासू काकूंचा नंबर दिलेला होता. भिशीही याच विषयात घ्या. ती लागली की पैसे कुठे जातात, हे विचारलं की बरंच कळतं.

मूळ लेखिका

दोघांचे मनापासून आभार. कमिशनचा नियम उद्याच कमिटीपुढे ठेवते. काल्पनिक घराची कल्पना फार आवडली. त्या घराचे आकडे तुम्ही कसे मांडले होते, ते इथे देऊ शकाल का? आमच्याकडे डबेवाल्या ताईंसारखी रोजची कमाई असलेली घरंही आहेत, त्यामुळे पगाराऐवजी रोजच्या गल्ल्यावर चालणारं एक घरही मांडावं लागेल.