मदत हवी आहे: बालवर्गातली पानगळ, आणि सगळं काम मीच करतेय

नमस्कार मंडळी,

साडेतीन ते साडेचार वर्षांची चौदा मुलं, मी आणि अर्धा वेळ एक मदतनीस ताई. या महिन्याचा विषय पानगळ. रोज २५ मिनिटांचा 'हाताने करून बघूया'चा तास असतो. बाहेर झाडं लाल-पिवळी झालीयत, पानांचा खच पडलाय, म्हणजे साहित्याला तोटा नाही. तरी आठवडाभर माझा फज्जा उडतोय.

सोमवारी पानांचं साळिंदर केलं. धड मी कापून ठेवलं, डोळे मी काढले, मुलांनी फक्त पाठीवर पानं चिकटवायची. एक मुलगी चार मिनिटांत "झालं ताई" म्हणून मोकळी. एकाने सगळी पानं पोटावर लावली, आणि मी काही विचार न करता ती काढून पाठीवर लावून दिली. संध्याकाळी ते आठवून कसंसंच झालं. भिंतीवर चौदा साळिंदरं आहेत आणि चौदाही माझीच आहेत.

मंगळवारी कागदाखाली पान ठेवून वरून मेणखडू घासायचा होता. कागद सरकतो, पान निसटतं, खडूच्या टोकाने कागद फाटतो. चौदा आवाज, "ताई, धरा ना!" मला हात दोनच.

बुधवारी मोठ्या ट्रेमध्ये सुकी पानं आणि ओकची ती टोपीवाली फळं ठेवली. पानं आधीच्या शुक्रवारी गोळा केलेली, हात लागताच चुरा. मग चुऱ्याची उधळण. तेवढ्यात एकाने ओकचं फळ गालात ठेवलेलं मदतनीस ताईंनी पाहिलं. काढलं, काही झालं नाही, पण माझे पाय लटपटत होते.

एकच चांगली गोष्ट घडली, तीही आपोआप. एका मुलाने विचारलं, "पान कुणी तोडलं?" मी म्हटलं, कुणी नाही, थंडी आली म्हणून पडलं. तो म्हणाला, "मलापण थंडी वाजते. माझे केस नाही पडत." यावर मी गप्प!

तर विचारायचंय: (१) मुलं खरंच स्वतः करतील असं काय घेऊ? (२) पान का पडतं हे या वयाला कसं सांगू? (३) तोंडात घालण्याचं काय करू?

प्रतिसाद १

घासण्याच्या ठशापुरतं सांगते, बाकी जाणकार बोलतील. पान उलटं ठेवा, शिरा वर आल्या पाहिजेत. देठाला चिकटपट्टी लावून पान टेबलालाच चिकटवा, मग पातळ कागदाचे चारही कोपरे चिकटवा. मेणखडूचा कागद सोलून टाका, खडू आडवा धरायला द्या. अख्खा खडू मुलं पेनासारखाच धरतात, म्हणून मोडूनच द्या. पान परवाचं नको, आजचंच, लवचीक हवं.

आणि कागद ठेवायच्या आधी डोळे मिटून शिरांवरून बोट फिरवू दे. नाहीतर आपण काय शोधतोय हेच त्यांना कळत नाही, नुसतं रंगवत बसतात.

प्रतिसाद २

केसांचा प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलाला माझ्याकडून शाबासकी द्या. तुमचं उत्तर अर्धवट होतं आणि त्याने ते पकडलं.

दिवस लहान होऊ लागले की झाड पानांची आवराआवर सुरू करतं. थंडी त्याला हातभार लावते, पण मुख्य इशारा उजेड कमी होण्याचा. देठ जिथे फांदीला जोडलेला असतो तिथे पेशींचा एक थर तयार होतो. त्याच्या एका बाजूने सांधा सैल होतो, फांदीच्या बाजूने जागा बुजत जाते. मग वारा किंवा पानाचं स्वतःचं वजन पुरतं. तेव्हा 'कुणी तोडलं'चं खरं उत्तर असं, की झाडानेच सोडलं.

हे सांगू नका, हाताला कळू द्या. खालच्या फांदीवरचं एक हिरवं पान ओढायला लावा. ते सहज येत नाही, फांदी वाकते, कधी सालीची चिंधीही सोबत येते. मग पूर्ण पिवळं झालेलं पान ओढायला लावा. टिचकीसरशी हातात! प्रत्येक मुलाला एक हिरवं, एक पिवळं, बास. हिरव्यांची लूट होऊ देऊ नका.

त्यानंतर भिंग द्या आणि पान जिथून सुटलं ती जागा बघायला सांगा. तिथे छोटा वण असतो, आणि बहुतेक वेळा त्याच्या लगेच वर पुढच्या हंगामाची कळी तयार असते. मुलं या कळीला काय म्हणतात ते ऐका. आमच्या वर्गात तिला "झोपलेलं पान" म्हणायचे, मी बदललं नाही. हॉर्स चेस्टनट नावाच्या झाडाच्या फांदीवर हा वण घोड्याच्या नालेसारखा दिसतो, आत खिळ्यांसारखे ठिपकेसुद्धा. ते ठिपके म्हणजे पाणी आणि अन्न नेणाऱ्या नळ्यांची तोंडं.

रंगाबद्दल: पिवळा रंग पानात आधीपासून असतो, हिरव्याखाली झाकलेला. हिरवं द्रव्य मोडत जातं तसा तो दिसू लागतो. लाल मात्र बऱ्याच झाडांत त्याच दिवसांत नव्याने बनतो. पिवळ्या कागदाच्या पानावर हिरवा जिलेटीन कागद ठेवून हळूच सरकवायला द्या, झाकलेला रंग म्हणजे काय ते लगेच कळतं. पानातले रंग वेगळे करून दाखवायला पानं कुस्करून स्पिरिटमध्ये गाळणकागद उभा करायचा प्रयोग लोक सुचवतील. मी या वयाला तो करत नाही. स्पिरिट मोठ्यांनीच हाताळायचं, तासभर थांबायचं, आणि शेवटी फिकट पट्टे. त्यात मुलांच्या हाताला करण्यासारखं काय उरतं?

प्रतिसाद ३

साळिंदराला एवढं नावं ठेवू नका हो. पालकांना घरी नेलेलं काहीतरी दिसावं लागतं, नाहीतर "आज काय केलं?"ला "काहीच नाही" हे उत्तर ठरलेलं. धड मुलांनाच फाडू द्या, कापायला नको. डोळे तीन झाले तर होऊ देत.

प्रतिसाद ४

तिसऱ्या प्रश्नाला धरून. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांचे सुटे भाग तपासायला सुमारे ३.१७ सेंटिमीटर व्यासाची नळी वापरतात. त्यात जे मावतं ते गुदमरवू शकतं. वर्गात टॉयलेट पेपरची रिकामी नळी वापरा. ती थोडी रुंदच असते, म्हणजे चूक झाली तरी सुरक्षित बाजूला होते. तुमची मुलं तीनच्या पुढची आहेत, तरी गालात ठेवणारं एक सापडलंय ना? मग ओकची फळं मोकळ्या ट्रेमध्ये नकोत. झाकण घट्ट चिकटवलेल्या पारदर्शक बरणीत ठेवा, हलवून आवाज ऐकतील, मोजतील.

हॉर्स चेस्टनटच्या चकचकीत बिया विषारी असतात. ओकची कच्ची फळंही खायची नसतात. भूछत्रांना हात लावायचा नाही, हा नियम बाहेर पडण्यापूर्वी दोनदा. कवचफळांची कुणाला ॲलर्जी आहे का ते पालकांना आधी विचारा. परत आल्यावर हात धुणं आलंच.

एक गंमत. ओकच्या फळांची बरणी तशीच ठेवलीत तर एखाद्या सकाळी तळाशी पांढऱ्या गुबगुबीत अळ्या दिसतील. सोंडकिड्याची मादी फळ झाडावर असतानाच आत अंडी घालते, अळी गर खाऊन वाढते आणि गोल भोक पाडून बाहेर पडते. आमची बरणी दोन दिवस वर्गाचा केंद्रबिंदू होती. मी किंचाळले होते, मुलं नाही.

धागाकर्ती

किती धन्यवाद! तीन डोळ्यांचं साळिंदर मान्य. 'झाडानेच सोडलं' हे तर मलाच नवीन होतं. आणखी एक: मोजणी कशी घेऊ? पानांचा आलेख करून बघितला जमिनीवर, लाल की पिवळी जास्त. पाच लालची रांग आठ पिवळ्यांपेक्षा लांब झाली आणि सगळे ओरडले "लाल जास्त!"

प्रतिसाद १

कारण लाल मेपलची, ऐसपैस. रांगेची लांबी बघतात ती, संख्या नाही. जमिनीवर चिकटपट्टीने सारखे चौकोन आखा, एका चौकोनात एकच पान. पण त्याआधी ही चूक एकदा तशीच राहू द्या आणि विचारा, "मोजून बघायचं का?" मोजल्यावर त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

प्रतिसाद ५

पाइनचे शंकू कुणीच काढले नाहीत! नळीत मावत नाहीत, चुरा होत नाही, आणि हलतात. उघडलेला सुका शंकू पाण्याच्या भांड्यात बुडवा. तो तरंगेल, म्हणून वर छोटी ताटली ठेवा. कोमट पाण्यात तासाभरात खवले मिटायला लागतात, गार पाण्यात जरा जास्त वेळ. बाहेर काढून उबेला ठेवला की एक-दोन दिवसांत परत उघडतो. खवल्याच्या दोन बाजू पाणी लागल्यावर सारख्या फुगत नाहीत, म्हणून तो वाकतो. शंकू मेलेला असतो तरी हे चालतंच. कोरड्या हवेत बिया दूर उडाव्यात, ओल्यात आत राहाव्यात, अशी ही सोय.

दोन शंकू घ्या, एक पाण्यात, एक टेबलावर. मुलांना आधी चित्र काढायला लावा, डबा खाल्ल्यावर पुन्हा. तुम्ही काही करायचं नाही, फक्त मधे मधे "उघडलाय की मिटलाय?" विचारायचं. चौदा मुलं एका भांड्याभोवती घेऊ नका, चार भांडी करा.

धागाकर्ती

कालपासूनचं सांगते. चार-चार जणांना घेऊन बाहेर गेले, बाकीची मदतनीस ताईंबरोबर शंकूंकडे. हिरवं पान ओढताना एक मुलगी अक्षरशः मागे पडली. पिवळं पान हातात आल्यावर तीच म्हणाली, "हे तयार होतं." केसांवाल्याने सगळ्या वर्गाला जाहीर केलं की झाड पान सोडतं आणि आपण केस सोडत नाही. मी म्हटलं कंगव्यात बघ. तो घरून कंगवा घेऊन आलाय.

शंकू सपशेल यशस्वी. पाण्यातला मिटल्यावर एकाने त्याला "झोपला" म्हणून कागदाचं पांघरूण घातलं. आलेखाचे चौकोन उद्या.

आता नवीनच अडचण. तिघं जण कालपासून एक पिवळं पान फांदीला परत जोडायच्या मागे आहेत. डिंक झाला, चिकटपट्टी झाली, वारा आला की पडतं. खेळायच्या वेळेतही तेच चाललंय. आज त्यांनी माझ्याकडे सुतळी मागितली. देऊ ना?

प्रतिसाद २

द्या. आणि गाठ तुम्ही मारू नका.