एचडी टीव्हीला केबल बरी की छत्री? (सातारा)

शाहूपुरी_सातारा:
नमस्कार. दिवाळीत ४३ इंची फुल एचडी टीव्ही घेतला, केबल मात्र आधीचीच आहे. जुन्या डबा टीव्हीवर जे छान वाटायचं ते आता बघवत नाही. क्रिकेटमध्ये बॉल सीमेकडे गेला की गवताचा नुसता हिरवा लगदा होतो. धावफलकातल्या आकड्यांच्या कडा थरथरतात. मालिकेत चेहरा जवळून दाखवला तर ठीक, लांबून दाखवला की नाक-डोळे पुसल्यासारखे. सासरे म्हणतात, दुकानदाराने टीव्हीच खराब दिला. समोरच्या काकूंकडे छत्री (डिश) आहे. तोच सामना त्यांच्याकडे पाहिला तर चित्र एकदम स्वच्छ. पण जुलैत त्यांचाच टीव्ही पावसात बंद पडलेला मी पाहिलाय. आता छत्री घ्यावी, की केबलवरच एचडी घ्यावं?

विश्रामबागकर:
सरळ छत्री घ्या. आमच्याकडे सांगलीत बरीच वर्षं आहे, कबड्डी बघताना मॅटवरची रेघ न् रेघ दिसते. वळवाचा जोरदार पाऊस आला की थोडा वेळ जातं, उघडलं की परत येतं.

वायरमन_सातारा:
ताई, छत्रीचा विचार करायच्या आधी बॉक्सच्या मागं बघा, वायर कुठली लागलीय. लाल-पांढरी-पिवळी असेल तर प्रश्न केबलचाही नाही आणि टीव्हीचाही नाही. त्या पिवळ्या वायरीतून एचडी जातच नाही. जातं ते जुनं एसडी, म्हणजे ७२० बाय ५७६ ठिपके. तुमच्या पडद्यावर १९२० बाय १०८० ठिपके आहेत, बरोबर पाचपट. एका ठिपक्याच्या जागी पाच भरायचे म्हटल्यावर टीव्ही अंदाजानेच भरणार. तो तुमचा लगदा. लहान पडद्यावर हे झाकून जायचं. काकूंच्या बॉक्सला एचडीएमआय वायर असणार, आणि पॅकही एचडीचा.

मी या भागात टीव्ही रिपेरी करतो, केबल आणि छत्री दोन्हीची कामं करतो. लोक पोटाला चिमटा काढून मोठा टीव्ही घेतात आणि बसवणारा त्याला जुनीच वायर खोचून निघून जातो, हे बघून खरंच जीव तुटतो.

आता केबल की छत्री. चित्र धूसर असणं आणि चित्र फुटणं हे दोन वेगळे आजार आहेत, सगळे त्यांची गल्लत करतात. डिजिटलमध्ये सिग्नल कमी पडला म्हणून चित्र धूसर होत नाही. चौकोन पडतात, आवाज तुटतो, मग सगळं थांबतं. मुंग्या आणि सावल्या जुन्या केबलबरोबर गेल्या. चित्र धूसर असेल तर एक तर ते एसडी आहे, नाहीतर पाठवणाऱ्याने फार दाबलंय, म्हणजे कमी जागेत बसवायला बारकावे काढून टाकलेत. चॅनेलवाल्यांकडून चित्र उपग्रहावरून केबलच्या कंट्रोल रूमलाही येतं आणि छत्रीच्या कंपनीलाही. त्यांच्याकडे असलेल्या जागेत बसवायला ते बहुतेक वेळा पुन्हा दाबलं जातं. एसटीत सीट तेवढीच आणि माणसं वाढली की सगळेच आवळून बसतात, तसं चॅनेल वाढले की प्रत्येकाच्या वाट्याची जागा कमी होते. त्याचा मार पहिल्यांदा गवत, पाणी, गर्दी यांच्यावर दिसतो, कारण तिथं क्षणाक्षणाला सगळं बदलत असतं. बातम्या वाचणारा माणूस जागच्या जागी असतो, तो दोन्हीकडे सारखाच दिसेल. म्हणून तुलना करायची तर एकच सामना, एकाच वेळी, दोन्हीकडे एचडी चॅनेलवर बघा.

पावसाचं म्हणाल तर घरावरची छत्री केयू बँड नावाच्या लहरींच्या पट्ट्यावर चालते, साधारण ११-१२ गिगाहर्ट्झ. या लहरी पावसाचे थेंब शोषून घेतात. केबलवाल्याची मोठी छत्री बहुतेक सी बँडची, ४ गिगाहर्ट्झच्या आसपास, तिला पाऊस फारसा बाधत नाही. यवतेश्वरच्या डोंगराच्या बाजूनं ढग खाली उतरले की समोर काकूंकडे बंद आणि तुमच्याकडे चालू, ते यामुळं. सगळ्या कंपन्यांचंही सारखं नसतं. ८३ अंश पूर्व रेखांशावरचा उपग्रह साताऱ्यातून आकाशात बराच उंच असतो. १०८ अंशांचा बराच कलता, त्यामुळं त्याच्या सिग्नलला पावसातून जास्त लांब यावं लागतं. (अजिंक्यतारा आड येईल का, असं बरेच जण विचारतात. इतक्या उंचावरच्या उपग्रहाला गावातून किल्ला आड येत नाही. शेजारचा आंबा मात्र येतो.)

माझं मत, चार महिने पाऊस झेलणाऱ्या गावात आधी केबलचाच एचडी बॉक्स मागा. तेवढ्यावर गवत सुधारलं नाही, तर छत्री.

शाहूपुरी_सातारा:
दादा, पिवळीच वायर निघाली. बॉक्सला एचडीएमआयची जागाच नाही. केबलवाल्यांना फोन केला, एचडी बॉक्स देतो म्हणाले. अजून एक, वरच्या मजल्यावर दिरांकडे याच वायरीतून फाटा दिलाय आणि जोडाला चिकटपट्टी आहे. चालेल का?

वायरमन_सातारा:
फाटा चालेल, चिकटपट्टी नाही. तिथं पाणी शिरलं की तांबं हिरवं पडतं आणि पावसाळ्यात नेमके चौकोन पडायला लागतात. तो तुकडा कापून एफ कनेक्टर (केबलच्या टोकाला बसणारं धातूचं टोक) आणि चांगला दोन तोंडांचा स्प्लिटर (एका वायरीचे दोन फाटे करणारी डबी) लावून घ्या. त्यात सिग्नल निम्मा होतो, पण गल्लीत सिग्नलचं प्रेशर बरं असेल तर दोन टीव्ही आरामात चालतात. चार तोंडांचा घेऊन दोन तोंडं रिकामी ठेवू नका, फुकट सिग्नल वाया जातो.

बॉक्सच्या सेटिंगमध्ये रिझोल्यूशन १०८०आय (एचडीचं) करा. टीव्हीत पिक्चर मोड विविड असेल तर स्टँडर्ड करा, शार्पनेस बराच खाली आणा. आकड्यांची कड थरथरते ती बरीचशी त्यानंच. आणि बॉक्स घेताना पॅकची यादी मागून बघा. एसडी आणि एचडी चॅनेलचे दर वेगळे असतात. सासऱ्यांचा स्पोर्ट्स चॅनेल यादीत एचडी म्हणून नसेल, तर नव्या बॉक्सवरही एसडीच दिसेल.