अनुभव धागा: झोंबी आल्यावर दिवाडी आणि फोंड्याचा तह कसा घडवाल?

धागाकर्ती: मंडळी, खेळाची मांडणी अशी. उद्रेकाला सहा महिने झालेत, आता जानेवारी आहे. वीज नाही, नेटवर्क नाही. मांडवीतल्या दिवाडी बेटावर साठ माणसं. त्यांच्याकडे खाजनातलं (बांध घालून खारं पाणी अडवलेल्या शेतातलं) भात आणि नारळ. फोंडा-ओपा भागात नव्वद. त्यांच्याकडे ब्लीचिंग पावडर, औषधं, थोडं डिझेल. रायबंदरच्या मिठागरांवर दोघांचाही डोळा आहे आणि त्यावरून माणसं मेलीत. आपले झोंबी पोहत नाहीत, आवाजावर येतात, चावा बसला की चोवीस तासांत माणूस उलटतो. बाकी गोवा आहे तस्सा. ज्याला ज्या कामातलं कळतं त्याने तेवढंच लिहावं. कोयते परजणारे प्रतिसाद नकोत, त्याचे धागे वेगळे आहेत.

पागी: जागा ठरवण्याआधी वेळ ठरवा. जुने गोवे आणि दिवाडीच्या मधल्या पात्रात नांगरलेली फेरीबोट सगळ्यात बरी: सपाट, उघडी, लपायला कोपरा नाही. इंजिन चालू करायचं नाही, आवाजाने दोन्ही काठ भरतील. दोन्ही गटांनी वल्ह्याच्या होडीतून यावं.

दिवस अष्टमी-नवमीचा धरा. पुनवेला आणि अवसेला पाण्याला ओढ फार, वल्ह्यावरचा माणूस बैठकीआधीच थकतो. अष्टमीच्या सुमाराला भांग असते, म्हणजे भरती-ओहोटी कमी, पाणी मऊ. पंचांग असलं की वेळ काढता येते: तिथीला पाऊणने गुणा. आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाच्या आसपास भरती पूर्ण. हा हिशेब किनाऱ्यावरचा आणि अंदाजाचा. नदीत आत जाल तशी भरती उशिरा पोचते. म्हणून आदल्या दिवशी धक्क्याच्या खांबावर कोळशाने खूण करून बघायचं. त्यातही वद्य अष्टमी घ्या. त्या पहाटे अर्धा चंद्र डोक्यावर असतो, कंदील लागत नाही.

पहाटेची भरती यासाठी की ओहोटीला काठाचा चिखल उघडा पडतो. गुडघाभर रुतलेल्या माणसाशी कोण बोलणार?

सूत्रधार: पागीबाब, एक शंका. पाणी फिरलं की बोट पण फिरेल ना? मग कोण कुठल्या टोकाला?

पागी: बरोबर पकडलंत. एकाच नांगरावर असली तर भरती संपून ओहोटी लागताना बोट अख्खी वळते. दिवाडीवाल्यांचा रॅम्प जुन्या गोव्याकडे होतो, पहारेकऱ्यांना वाटतं दगा झाला. दोन नांगर टाका, एक वरच्या अंगाला, एक खालच्या. दोर पाण्याच्या खोलीच्या निदान पाचपट. पाच मीटर खोली असेल तर पंचवीस मीटर. आखूड दोरावर नांगर धरत नाही, नुसता घासत जातो.

पाणीवाला: फोंड्याच्या गटाला आधी एक गोष्ट समजावून सांगा. ओपाचं जलशुद्धीकरण केंद्र ताब्यात आहे म्हणजे तिसवाडी तालुक्याचं (पणजी-दिवाडीकडचं) पाणी ताब्यात आहे, हे वीज असताना खरं. पंप बंद, म्हणजे खांडेपार नदी ज्याच्या दारातून जाते त्याची. तुमच्याकडे आहे ती तुरटी आणि क्लोरीन. क्लोरीनच्या मोठ्या सिलिंडरला श्वसनयंत्राशिवाय हात लावू नका, तहाच्या आधीच गट संपेल. देवाणघेवाण ब्लीचिंग पावडरची करा.

दिवाडीवाल्यांना किती लागेल? विहिरीतलं पाणी मोजा: व्यासाचा वर्ग गुणिले पाण्याची खोली गुणिले ३.१४, भागिले ४, सगळं मीटरमध्ये. आलेल्या आकड्याला हजाराने गुणलं की लिटर. तीन मीटर व्यास आणि चार मीटर पाणी म्हणजे साधारण २८,००० लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम धरली तर एका वेळेला ७० ग्रॅम. रोज टाकली तर महिन्याला दोन किलोच्या वर, पाच विहिरींना साडेदहा.

टाकायची पद्धतही तहात लिहा, कारण चुकीने टाकून मग ‘तुमची पावडर खोटी’ म्हणून भांडण होतं. बादलीत थोड्या पाण्यात पेस्ट करायची, बादली पाऊण भरायची, ढवळून दहा मिनिटं ठेवायची. खाली चुना बसतो, तो विहिरीत ओतायचा नाही. वरचं निवळ दुसऱ्या बादलीत घेऊन ती पाण्याखाली सोडायची आणि दोर खालीवर हिसडायचा. तासाभराने तपासायचं: लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम क्लोरीन उरलं पाहिजे. उरलं नाही तर मात्रा वाढवा. चांगल्या पावडरीत ३३ टक्क्यांपर्यंत क्लोरीन असतं, पण आपल्या दमटपणात उघडं पोतं महिन्यागणिक उतरतं. म्हणून सौदा पोत्यांवर करू नका, तपासणीत काय येतं त्यावर करा.

मापारी: वर ताईंनी भात आणि पावडर असं लिहिलंय, पण भाव कशावर? साठ माणसांना माणशी रोज ४०० ग्रॅम तांदूळ म्हणजे महिन्याला ७२० किलो. फोंड्याच्या नव्वद जणांना १,०८० किलो. समोर पावडर साडेदहा किलो. वजनाला वजन लावायला गेलात की बैठक तिथेच मोडली. दोन्हीकडचा तुटवडा दिवसांत मोजा: एवढ्या पावडरीने तुमच्या विहिरी किती दिवस चालतात, एवढ्या तांदळाने आमची चूल किती दिवस चालते. दिवसाला दिवस.

कुडव (धान्य मोजायचं माप) आणू नका. प्रत्येक घरचा कुडव वेगळा भरतो आणि भरणाऱ्याचा हात त्याहून वेगळा. टांगायचा काटा एकच, दोघांसमोर तपासलेला. वीस लिटरचा कॅन रिकामा टांगा, मग पाण्याने काठोकाठ भरून टांगा. फरक वीस किलो आला पाहिजे.

तांदूळ दाताखाली धरायचा. कट्टकन तुटला तर सुका. दबला तर तुम्ही पाणी विकत घेताय. नव्या मिठाचंही तेच, राशीतून पाणी गळून जाईपर्यंत वजन खोटं.

गावकार: सीमा हा खरा मुद्दा आहे आणि त्याचा धडा दिवाडीवरच आहे. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी बोंदेरां होतो तो कशाची आठवण म्हणून? वाड्यावाड्यांत हद्दीवरून मारामाऱ्या, पोर्तुगीजांनी हद्दीला बावटे लावले, लोकांनी दगड मारून पाडले. उपटता येईल अशी खूण हद्दीला ठेवायची नाही. बांध, मानस (बांधातली पाण्याची दारं), विहीर, जांभ्या दगडाची वय (कुंपणाची भिंत), असल्या खुणा घ्या.

मिठागरात तर हद्द ओढूच नका. तिथे पाणी मानशीतून येतं. मानशीची दारं भरतीच्या दाबाने मिटतात, ओहोटीला आतल्या पाण्याने उघडतात. आगरात खारं पाणी घ्यायचं तर माणसाने दार धरावं लागतं. दार एकाच्या हातात आणि आगर दुसऱ्याच्या, अशी वाटणी आठ दिवस टिकणार नाही. मानशीवर दोघांचा एकेक माणूस, आणि आलेलं मीठ ढिगात वाटायचं. जानेवारीत बांध लिंपायला लागलात तर फेब्रुवारी-मार्चपासून मीठ हाती येतं, पहिल्या पावसात सगळं संपतं. उशीर केला तर तहाला वाटण्यासारखं काही उरणार नाही, हे दोघांना मोठ्याने सांगा.

मतांचं आधी ठरवा. डोकी मोजलीत तर नव्वदवाले दर वेळी जिंकतील आणि साठवाले दुसऱ्यांदा येणार नाहीत. गावकारीत (जुन्या गावसंस्थेत) वांगडागणिक, म्हणजे कुळागणिक, मत असायचं, तसं करा: दोन्ही गटांना सारखीच मतं. १५२६ च्या फोरालात (पोर्तुगीज सनदेत) जुने रिवाज उतरवून ठेवले ते पुढे शतकानुशतकं दाखल्याला उपयोगी पडले. तुम्हीही कागद करा. दोन प्रती, एकाच माणसाच्या अक्षरात, सह्यांच्या आधी मोठ्याने वाचलेल्या. देवनागरी न वाचणारे दोन्हीकडे असतील.

नर्सबाय: चावा तपासल्याशिवाय कोणी बोटीवर चढू नये. फक्त हात-पाय बघून भागत नाही. केसांखाली, कानामागे, बोटांच्या बेचक्यात, घोट्याच्या मागे. बायकांना बायकांनीच, पडद्याआड. चोवीस तासांचा नियम असल्यामुळे तपासणी आदल्या दिवशी आणि पुन्हा बोटीकडे निघताना, दोनदा. मधल्या दिवसात प्रत्येक गटाचे बोलणारे वेगळे राहतील आणि समोरच्या गटाचे दोन जण त्यांच्यावर नजर ठेवतील. आपोआप ओलीसही होतात, ते वेगळं मागायला नको.

एक गोंधळ नक्की होणार. खारफुटीतून आलेल्यांच्या पायाला कालवांचे काप असतात, रक्ताळलेले, वेडेवाकडे. चाव्याला समोरासमोर दोन कमानी दिसतात, कालवाचा काप एकेरी आणि धारदार. तरी शंका नको म्हणून प्रत्येक जखमेभोवती बॉलपेनने रेघ मारा आणि कागदावर नोंदवा. दुसऱ्या तपासणीत लाली रेघेबाहेर गेली असेल तर तो माणूस थांबेल. एवढ्यावरून गोळी घालायची नाही, साधा पू पण असाच पसरतो.

सूत्रधार: फोंड्याहून जुन्या गोव्याला येताना बाणस्तारीचा पूल ओलांडावा लागतो. तिथे तिसरा गट बसलेला असला तर? मी खेळात बसवणार आहे.

गावकार: बसवाच. मग त्याला बोटीवर जागा द्या, पण मत नको. पुलावरून जाणाऱ्या मालातला ठरलेला वाटा द्या, विसावा भाग वगैरे, आणि तोही त्याच काट्यावर मोजून. नाहीतर फोंड्याला कुंभारजुव्याच्या कालव्यातून होडीने यावं लागेल, आणि तिथल्या मगरींशी कोणी तह केलेला नाही.

पागी: मगरी दिवसा काठावर ऊन खात पडतात. रात्री जाऊ नका, एवढंच.

मापारी: वाट्यात मीठ देऊ नका हो. पुलावरचा माणूस ते साठवेल आणि मे महिन्यात दोघांनाच परत विकेल. तांदूळ द्या, खाऊन संपतो.