व्होल्तेराहून आणलेली ब्राँझची मूर्ती, चिंच लावून घासू का?

भटकी_मी: गेल्या महिन्यात इटलीत व्होल्तेराला गेलो होतो तेव्हा एका दुकानातून काडीसारख्या उंच मुलाची मूर्ती घेतली, वीतभर आहे, हात अंगाला चिकटलेले. पायाशी हिरवट डाग आहेत. दुकानदार सारखं अँटिकातो अँटिकातो म्हणत होता म्हणून मला वाटलं जुनीच असेल. आता आई म्हणते कळकलीय, चिंच लावून घास. काय करू?

जुनी_नाणी: ताई आधी चिंच बाजूला ठेवा! तो हिरवा रंग मुद्दाम केमिकल लावून आणलेला असतो, चिंचेने पाच मिनिटांत जाईल आणि खाली चकचकीत लाल-पिवळा धातू दिसेल. नुसत्या कोरड्या मऊ कापडाने पुसा. आणि अँटिकातो म्हणजे जुनं नाही, जुनं दिसेल असं केलेलं, माणसाने फसवलं नाहीये तुम्हाला. मूळ मूर्ती तिथल्याच ग्वार्नाच्ची म्युझियममध्ये आहे, साधारण ५७ सेंमी, इ.स.पू. तिसऱ्या शतकातली, तिला 'संध्याकाळची सावली' म्हणतात. खरं उत्खननातलं काही असं उघड दुकानात मिळत नाही, इटलीत जमिनीतून निघालेला पुराणवस्तूंचा ऐवज सरकारचा असतो.

ओतारी_नाशिक: आमच्या घरात ओतकामच चालतं म्हणून सांगतो, मूर्ती आडवी धरून कडेने बोट फिरवा, डोक्यापासून पायापर्यंत बारीक रेघ लागली तर दोन भागांच्या साच्यातली आहे. मूळ मूर्ती करणारे एट्रुस्कन, म्हणजे रोमनांच्या आधीपासून तिथे राहणारे लोक, मेणाची मूर्ती करून वर माती लिंपायचे, भट्टीत मेण वितळून गेलं की त्या पोकळीत ब्राँझ ओतायचे. बस्तरचे ढोकरावाले आजही असंच करतात, म्हणून प्रत्येक नग वेगळा. आणि हातात घेऊन बघा, आकाराच्या मानाने फार हलकी लागली तर राळेत ब्राँझची पावडर मिसळलेली असेल.

जुनी_नाणी: परत इटलीत गेलात तर फ्लॉरेन्सला आरेत्सोची किमेरा बघाच, सिंहाचं धड, पाठीवर बोकडाचं डोकं आणि सापाची शेपटी अशा कल्पित प्राण्याची एट्रुस्कन ब्राँझ मूर्ती, १५५३ साली सापडली, पुढच्या पायावर एट्रुस्कन अक्षरं कोरलीत, तिनिया देवाला अर्पण अशी. पण सापाची शेपटी १७८५ ची आहे, नंतर बसवलेली. दुकानातल्या सगळ्या छोट्या किमेरांना तीच शेपटी असते, त्यामुळे नक्कल आहे ती दुरुस्तीचीही.

भटकी_मी: बापरे, बोट फिरवलं, डाव्या कानामागे रेघ लागली! पण जड आहे, ९०० ग्रॅम भरली. आईला सांगितलं, चिंच परत डब्यात गेली. आता देवघराशेजारच्या कोनाड्यात ठेवतेय, संध्याकाळी दिवा लावला की हिची सावली भिंतीवर हिच्यापेक्षा लांब पडते.