प्रतिसाद: तक्रारी घटल्या म्हणजे अत्याचार घटले?

लॉकडाऊनमध्ये रस्तेच ओस पडले होते, तक्रारीही घटल्या, म्हणजे बायकांवरचे अत्याचार कमी झाले असं काहीजण म्हणतात, ते काही पटलं नाही. रस्त्यावरचे कमी झाले असतीलही, पण बहुतेक वेळा करणारा ओळखीचा, बरेचदा घरातलाच असतो, आणि तोच चोवीस तास समोर बसलेला असताना बाई फोन करणार कशी? बाथरूममध्ये नळ सोडून हळू आवाजात बोलायचं, तेही फोन तिच्या हातात असला तर. म्हणूनच तर २०२० मध्ये कॅनडातल्या एका संस्थेने व्हिडिओ कॉलवर 'मदत हवी' हे सांगायची खूण काढली, तळहात दाखवायचा, अंगठा आत दुमडायचा आणि वरून चार बोटं मिटायची, बस, तोंडातून शब्द नाही. स्पेनमध्ये मेडिकलच्या दुकानात ठरलेल्या शब्दांत 'मास्क १९' मागितला की दुकानदार मदत बोलवायचा.

अजून एक, इथे कुणी काढलंच नाही म्हणून लिहितोय. बलात्कारानंतर एचआयव्ही टाळायची औषधं ७२ तासांच्या आतच सुरू करावी लागतात, आणि साथीत नेमके दवाखाने बंद नाहीतर सगळा स्टाफ कोविड वॉर्डात, बाहेर पडायला पास काढा, पासवर कारण काय लिहिणार? आणि हे कोविडचंच नाही हो, पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनमध्ये इबोलाच्या साथीच्या वेळी शाळा बंद होत्या, कितीतरी मुली गरोदर राहिल्या, आणि २०१५ मध्ये शाळा उघडल्यावर सरकारने शाळेत यायला बंदी कुणावर घातली तर त्या गरोदर मुलींवरच! ती उठली थेट मार्च २०२० मध्ये, म्हणजे पुढची साथ दारात आल्यावर.