मोटरहोम म्हणजे ट्रक नव्हे! (साडेतीन टनांवरचा टोल)

रानवाटा

परवा एका सदस्याने युरोपातल्या प्रवासखर्चाच्या चर्चेत लिहिलं होतं, "साडेतीन टनांच्या वरची गाडी घेऊन ऐटीत फिरायचं आणि टोल आला की गळा काढायचा. ट्रकएवढी गाडी, तर ट्रकचा टोल. विषय संपला."

विषय संपलेला नाही. तिथे दोन ओळीत उत्तर देऊन भागलं नसतं, म्हणून वेगळा धागा काढतेय.

आमची गाडी, म्हणजे आत राहायची सोय असलेलं मोटरहोम, कागदावर ४.२५ टन. जर्मनीत जुलै २०२४ पासून ट्रकचा टोल साडेसात टनांवरून साडेतीनपर्यंत खाली आला, तरी आम्हाला तो लागत नाही, कारण आम्ही माल वाहत नाही. सरळ, समजण्यासारखा नियम. सीमा ओलांडून ऑस्ट्रियात शिरलं की तीच गाडी ट्रक होते. काचेला गो-बॉक्स (टोल मोजणारं यंत्र) लावा, इंजिनाच्या युरो क्लासचा (धुराच्या प्रदूषणाच्या श्रेणीचा) पुरावा द्या, एक्सल (चाकांचे आस) मोजा आणि किलोमीटरमागे पैसे भरा.

आता शेजारच्या लेनमध्ये बघा. अडीच टनांची एसयूव्ही, मागे दोन टनांची कॅरव्हॅन. मिळून साडेचार टन, म्हणजे माझ्यापेक्षा जास्तच. त्यांना साधं व्हिन्येट, म्हणजे ठराविक मुदतीचा हायवे पास, पुरतं, कारण ओढणारी गाडी साडेतीनच्या आत आहे! दोघंही तेच करतोय, घर घेऊन सुट्टीला चाललोय. मग मी मालवाहू कशी?

ब्रेनरची खिंड हे तर ढळढळीत उदाहरण आहे. उत्तरेच्या उतारावर ऑस्ट्रियाच्या ए१३ वर मी ट्रक. दक्षिणेला इटलीच्या ए२२ वर मला वजन कुणी विचारतसुद्धा नाही. तिथे एक्सल किती आणि पुढच्या चाकाशी उंची १.३० मीटरच्या वर आहे का, एवढंच बघतात. दोन एक्सल असले की 'बी' वर्ग, साध्या डिलिव्हरी व्हॅनसारखा. डोंगर एकच, गाडी एकच.

स्वित्झर्लंडने मार्ग काढलेला आहे. साडेतीन टनांवरच्या मोटरहोमला दिवसाला ३.२५ फ्रँक, कमीत कमी २५. ॲपवर भरा आणि निघा. बॉक्स नाही, बीप नाही. हेच बाकीच्यांनी करावं, एवढीच माझी मागणी आहे.

हिशोबी

ते वाक्य माझंच होतं आणि मी त्यावर ठाम आहे.

रानवाटाताई, तुम्ही स्वित्झर्लंडची अर्धीच गोष्ट सांगितलीत. तिथली ती आकारणी फक्त हायवेवर नाही, सगळ्या सार्वजनिक रस्त्यांवर आहे. गावातल्या गल्लीत गाडी फिरवली तरी तो दिवस धरला जातो. ऑस्ट्रियात निदान हायवे सोडून फिरायची मोकळीक तरी आहे.

आणि ब्रेनरच्या उत्तरेला तुम्ही ज्यावरून जाता तो युरोपाब्रुक पूल दरीपासून १९० मीटर उंच आहे. १९६३ पासून उभा आहे आणि त्याची देखभाल कायम चालू असते. तिथला हायवे टोलवर चालतो, करांवर नाही. जर्मनीत फुकट गाडी चालवायची सवय लागली की रस्ते आभाळातून पडतात असं वाटायला लागतं. जर्मनीलाही परदेशी गाड्यांकडून पैसे हवेच होते. पण आपल्या लोकांना वाहनकरात तेवढीच सूट द्यायची असा घाट घातला, म्हणून ऑस्ट्रिया कोर्टात गेली आणि जून २०१९ मध्ये युरोपीय न्यायालयाने ती योजना उडवली. ऑस्ट्रिया निदान सगळ्यांना एकच माप लावते.

वजनकाटा

"एकच माप" या शब्दांवर माझा आक्षेप आहे. मी रस्तेबांधणीतला माणूस.

रस्त्याची झीज गाडीच्या एकूण वजनावर ठरत नाही, एका एक्सलवर किती भार येतो त्यावर ठरते, आणि तीही साधारण चौथ्या घाताने वाढते. अमेरिकेत इलिनॉयमध्ये १९५८ ते १९६० दरम्यान मुद्दाम रस्ते बांधून त्यावर ट्रक फिरवून हे मोजलेलं आहे. ट्रकच्या मागच्या एक्सलवर युरोपात ११.५ टनांपर्यंत भार चालतो. ४.२५ टनांच्या मोटरहोमच्या मागच्या एक्सलवर समजा २.४ टन. भागाकार करून चौथा घात घ्या, पाचशेच्या वर येतो. ट्रकचा तो एक एक्सल मोटरहोमच्या अशा पाचशे एक्सलइतका रस्ता खातो. दोघांना एकाच तक्त्यात बसवणं याला मी माप म्हणत नाही.

हिशोबी

छान. आता तेच गणित खालच्या बाजूला करा. साध्या कारच्या एक्सलवर ०.९ टन धरा. २.४ भागिले ०.९, चौथा घात, पन्नास. म्हणजे रानवाटाताईंच्या गाडीचा मागचा एक्सल कारच्या पन्नास एक्सलइतका रस्ता खातो. कारवाला वर्षाचं व्हिन्येट घेतो. तुम्हाला पन्नास व्हिन्येट लावायची का?

वजनकाटा

लावू नका, पण तुलना कारशी कशाला? ३.५ टनांच्या मोटरहोमशी करा, कारण व्हिन्येटची रेघ तिथे आखलेली आहे. त्याचा मागचा एक्सल २ टन. २.४ भागिले २, चौथा घात, दोनाच्या जरा वर. रेघेच्या अलीकडच्यापेक्षा दुप्पट झीज, तर दुप्पट पैसे घ्या. दुप्पट व्हिन्येट! मी स्वतः आनंदाने भरीन. किलोमीटरमागे वसुली कशासाठी?

ट्रकदादा

मी बारा महिने चाळीस टन घेऊन याच रस्त्यांवर असतो. तुमचं गणित वाचलं. ट्रक रस्ता खातो, मान्य, आणि त्याचे पैसे आमचा मालक भरतो. पण आम्ही भरलेल्या टोलवर जी पार्किंगं बांधलीत, तिथे रात्री कोण झोपतं त्याबद्दलही लिहा की.

साडेचार तास गाडी चालवली की पंचेचाळीस मिनिटं थांबणं मला सक्तीचं आहे. रात्रीची अकरा तासांची विश्रांती सक्तीची आहे. टॅकोग्राफ सगळं नोंदवतो. संध्याकाळी सातनंतर ट्रकच्या जागेत पाय ठेवायला जागा नसते आणि तिथे आडवी लागलेली असतात मोटरहोम, खुर्च्या टाकून, चांदवा उघडून. गेल्या उन्हाळ्यात मी जागेसाठी तीन पार्किंगं फिरलो आणि शेवटी वेळ संपली म्हणून एक्झिटच्या तोंडाशी उभा राहिलो. दंड मला. टोल भरताना म्हणता आम्ही ट्रक नाही, मग झोपताना ट्रक कसे होता?

रानवाटा

दादा, तुमचा राग रास्त आहे, पण तो माझ्यावर काढू नका. मी कधीही ट्रकच्या जागेत झोपत नाही, कॅम्पसाइटवर जाते. तुमच्या जागेत उभे राहतात त्यातले बहुतेक साडेतीन टनांच्या आतले असतात, म्हणजे व्हिन्येटवाले. त्यांचा या धाग्याशी संबंधच नाही.

ट्रकदादा

मला वरून सगळी सारखीच दिसतात, ताई. पांढरी आणि वाटेत.

शेवंती

एवढं भांडण कशाला? साडेतीनच्या आत राहायचं. आम्ही गाडी घेतानाच कागदावर ३.५ करून घेतली. व्हिन्येट लावतो, कारचा बी परवाना चालतो, फ्रान्समध्ये तीन मीटरच्या खाली असल्यामुळे दुसरा वर्ग लागतो. आता सामानासकट थोडी वर जात असेल, पण कोण बघतंय. सगळेच असं करतात.

वजनकाटा

"थोडी वर"? शेवंतीताई, हिशोब करूया. तुमच्या मापाची गाडी रिकामी, फक्त चालक धरून, ३.०५ टन धरतो. पाणी १०० लिटर म्हणजे १०० किलो. तुमच्याशिवाय तिघं, २०० किलो. दोन ई-बाइक आणि स्टँड, ६५. चांदवा ४०. उरले ४५ किलो. त्यात चौघांचे कपडे, भांडी, धान्य, टेबल, खुर्च्या, गॅसची टाकी? तुम्ही ३.७ च्या खाली असणं शक्य नाही.

शेवंती

तुम्ही माझी गाडी पाहिलेली नाही. आम्ही पाणी अर्धंच भरतो.

वजनकाटा

गाडी पाहिलेली नाही, पण फुटलेला टायर पाहिलाय. माझ्या मेव्हण्याचा, भर उन्हात, मागचा डावा. मुलं आत होती. गाडी दोन लेन ओलांडून कठड्याला घासत थांबली. नंतर काट्यावर नेली तेव्हा एकट्या मागच्या एक्सलवर २०० किलो जास्त निघाले. टोलच्या बॉक्सची कटकट टाळायला कागदावर वजन उतरवलं होतं! विमा कंपनीने काय काय प्रश्न विचारले ते मला विचारू नका. "कोण बघतंय" हे वाक्य त्या दिवसापासून माझ्या डोक्यात जातं.

शेवंती

आवाज चढवायची गरज नाही. मी कुणाचा टायर फोडलेला नाही.

निवांत_नाना

शेवंती, राग मानू नकोस, पण कागदावरचं ३.५ आता सगळीकडे चालत नाही. नोंदणीच्या कागदात एफ.१ आणि एफ.२ असे दोन रकाने असतात. एफ.१ म्हणजे गाडी मुळात किती वजनासाठी बांधली, एफ.२ म्हणजे त्या देशात किती मंजूर. डिसेंबर २०२३ पासून ऑस्ट्रियातही एफ.१ धरतात, जर्मनीतही ट्रकसाठी तेच. तेव्हा नुसतं एफ.२ खाली आणून मनात समाधान मानू नका. दोन्ही रकाने बघा.

माझी गाडी तीन एक्सलची आहे, त्यामुळे टोलचं माझ्याएवढं कुणी सोसलं नसेल. फ्रान्समध्ये साडेतीन टनांवर किंवा तीन मीटरवर गेलात की दोन एक्सलला तिसरा वर्ग, तीन एक्सलला चौथा. चौथा वर्ग कारच्या साधारण तिप्पट पडतो. आधीची गाडीही तीन एक्सलचीच, पण एका भाड्याच्या कंपनीची होती. ऑस्ट्रियासाठी तिच्या काचेवरचा बॉक्स त्यांनी दोन एक्सलवर लावून दिला होता. मी चावी घेताना विचारलं, काउंटरवरचा मुलगा म्हणाला, सगळं लावलंय. दंड घरी आला तो माझ्या नावावर. कंपनीने हात वर केले. म्हणून माझं म्हणणं वेगळं आहे. पैसे किती, यापेक्षा वर्ग ठरवायचा कुणी, हा खरा प्रश्न आहे. इटलीत नाक्यावरचं यंत्र एक्सल आणि उंची स्वतः मोजतं. ऑस्ट्रियात ती जबाबदारी चालकावर. निघताना बॉक्सवरचा गट चालकाने जुळवायचा आणि चुकला तर दंड चालकाला.

शेवंती

दोन रकान्यांचं मला कुणीच सांगितलं नव्हतं. नाना, तुम्ही नीट सांगितलंत. इतरांनीही तसं सांगता आलं असतं.

हिशोबी

नानांचा मुद्दा मला पटतो, आणि या धाग्यात पटलेला तो पहिलाच. जो पैसे घेतो त्याने मोजावं. पण त्यावरून टोलच कमी करा असं निघत नाही.

शिवाय ही साडेतीन टनांची रेघ आता आणखी हलणार आहे. युरोपीय संघाच्या २०२५ च्या नव्या परवाना निर्देशात, जादा प्रशिक्षण घेतलं किंवा परीक्षा दिली तर, बी परवान्यावर ४.२५ टनांपर्यंतचं कॅम्पर (म्हणजे मोटरहोमच) चालवायची मुभा दिली आहे. देशांनी कायदे बदलले की कालपर्यंत ज्यांना जड गाड्यांचा सी१ परवाना काढावा लागायचा ते सगळे जड गाड्या घेणार. रस्त्यावर वजन वाढणार आणि तुम्ही म्हणता टोल कमी करा?

रानवाटा

उलट, तोच माझा सगळ्यात मोठा मुद्दा आहे आणि तो तुम्हीच मांडलात! युरोपीय संघ म्हणतो ४.२५ टनांचं कॅम्पर बी परवान्यावर चालवता येईल, म्हणजे ते ट्रक नाही. मग त्याच गाडीला टोलच्या तक्त्यात ट्रकच्या रांगेत का उभं करायचं? परवाना आणि टोल यांची रेघ एकच ठेवा. आणि त्याने शेवंतीताईंसारखी माणसं खरं वजन कागदावर लिहितील. आज साडेतीनच्या वर एक किलो लिहिलात की ऑस्ट्रियात, स्लोव्हेनियात, चेकियात प्रत्येक ठिकाणी वेगळा बॉक्स. कोण लिहील खरं? वजनकाट्यांच्या मेव्हण्याने का उतरवलं वजन?

वजनकाटा

हे मात्र खरं. बॉक्सच्या कटकटीला कंटाळूनच उतरवलं होतं, पैशाला नव्हे.

ट्रकदादा

मेव्हण्याचं ऐकून वाईट वाटलं. असे फुटलेले टायर मी रोज कडेला बघतो, आणि त्यातले बरेच लहान गाड्यांचे असतात. तुम्हाला वेगळा वर्ग दिला तर माझी हरकत नाही. पण त्या पैशातून तुमच्यासाठी वेगळं पार्किंग बांधा आणि आमच्यातून बाहेर पडा. ही माझी अट.

हिशोबी

ठीक आहे, ४.२५ पर्यंत ठराविक रकमेचं व्हिन्येट, ३.५ वाल्यांच्या दुप्पट. वजनकाट्यांच्याच आकड्याप्रमाणे. पण जुन्या इंजिनाला जास्त दर हवाच. ऑस्ट्रिया युरो क्लास बघते ते बरोबरच करते, दरीतल्या गावांनी तुमचा धूर का खावा? आणि नानांच्या तीन एक्सलला यात सूट नाही.

निवांत_नाना

का नाही? वजनकाट्यांचं गणित बघा. तोच भार तीन एक्सलवर वाटला की झीज कमी होते. मला तर कमी पडायला हवा!

वजनकाटा

नाना बरोबर बोलतायत. एक्सल मोजून दर वाढवणं हे या वजनाच्या गाड्यांना उलटंच पडतं. फ्रान्सचा चौथा वर्ग यावर वेगळा धागा काढा, मी सविस्तर लिहितो.

रानवाटा

धुराचा दर मला मान्य. दुप्पट व्हिन्येटही मान्य. नाना, तुम्ही धागा काढा, मी येतेच.